रूपकुंड: तळ्याकाठची माणसं नेमकी कुणाची?

आजच्या भागाची सुरुवात एका फोटोपासून करते. फोटो माझाच आहे, पण तो मी तुम्हाला दाखवणार नाही. का, ते शेवटपर्यंत कळेल.

सप्टेंबर २०१६. मी बावीस वर्षांची. नुकतीच पहिली नोकरी लागलेली, पहिल्या पगारातून पहिला हिमालयातला ट्रेक. फोटोत मी लाल जॅकेट घालून एका खडकावर बसले आहे, मागे बर्फाचा पट्टा, त्याखाली हिरवट काळ्या पाण्याचं छोटंसं तळं. आणि शेजारच्या दगडावर एक माणसाची कवटी. ती तिथे आपोआप आलेली नव्हती. ती चार हात खाली पडलेली होती, मी ती उचलून फ्रेममध्ये नीट येईल अशी ठेवली होती. जबडा नव्हता, म्हणून तोल जात होता, तर मी खाली एक चपटा दगडही सरकवला. तो फोटो पुढे जवळजवळ दोन वर्षं माझा डीपी होता.

तळ्याचं नाव रूपकुंड. बऱ्याच जणांनी हे नाव ऐकलेलं असेल, ‘सांगाड्यांचं तळं’ म्हणून यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत. भुतं, शाप, एलियन, सगळं त्यात मिळेल. आज आपण त्यातलं काहीच करणार नाही. त्या तळ्याबद्दल खरोखर काय कळलंय, कसं कळलंय, आणि जे आधी ‘कळलं’ होतं ते कसं मोडलं, एवढंच बघू. मोडलेल्या गोष्टींत एक गोष्ट अगदी आपल्या घरातली आहे, मराठी घरातली.

तळं म्हणजे किती मोठं?

खरं सांगू? पहिल्यांदा बघितल्यावर ‘एवढंसंच?’ असं वाटतं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटरवर हे तळं आहे. फुटांत साधारण साडेसोळा हजार. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई अशा तीन रचल्या तरी थोडं कमीच. एका टोकाहून दगड मारला तर दुसऱ्या काठावर पडेल, इतकाच विस्तार. वर्षातला बहुतेक काळ ते गोठलेलं असतं. पावसाळ्याच्या शेवटी काही आठवडे बर्फ वितळतो, तेव्हा कुठे पाणी दिसतं.

हे हिमनदीनं तयार केलेलं तळं आहे. हिमनदी म्हणजे नुसता बर्फाचा ढीग नव्हे, ती सरकते. सरकताना तळाचा खडक खरवडत जाते. उंच कड्याच्या पायथ्याशी अशी हजारो वर्षं घासाघीस झाली की वाडग्यासारखा खळगा उरतो. हिमनदी मागे हटली की त्या वाडग्यात वितळलेलं पाणी साचतं. रूपकुंड तसा एक वाडगा आहे. तीन बाजूंनी तीव्र उतार, वर जुनारगलीची धार.

हा आकार लक्षात ठेवा, कारण पुढे तो कामाला येणार आहे. वाडग्याच्या कडेवरून काहीही सुटलं, दगड, बर्फ किंवा माणूस, तर ते घरंगळत तळाशीच येणार. आणि तिथे थंडी इतकी की हाडं तर टिकतातच, काही हाडांना चिकटलेलं मांस आणि केससुद्धा टिकलेले सापडले आहेत.

१९४२ आणि पहिले अंदाज

१९४२ साली हरी किशन मधवाल हे वनखात्याचे रेंजर त्या भागात फिरत असताना त्यांना तळ्याच्या काठावर आणि पाण्यात हाडं दिसली. एकदोन नव्हे, काही शे माणसांची. आसपासच्या गावांना ती आधीपासून माहीत होती, असं मानायला पूर्ण जागा आहे. पण बाहेरच्या जगासाठी शोध लागला तो तेव्हा.

साल बघा. दुसरं महायुद्ध चालू, जपानी सैन्य ब्रह्मदेशात. हे चोरून घुसलेले जपानी सैनिक तर नव्हेत, अशी शंका तेव्हा घेतली गेली असं सांगतात. पण हाडं इतकी ताजी नव्हतीच.

मग दुसरा अंदाज आला: जोरावरसिंगाचं सैन्य. जम्मूचा हा डोग्रा सेनापती १८४१ मध्ये तिबेटवर चाल करून गेला आणि तिथेच मारला गेला. त्याचे पळून येणारे सैनिक वाट चुकून इथे गोठले असतील का? तिसरा अंदाज आणखी मागे नेणारा: चौदाव्या शतकात महंमद बिन तुघलकानं हिमालयात पाठवलेली फौज, जी डोंगरांत जवळजवळ पूर्ण संपली.

ऐकायला दोन्ही झकास. पण दोन्हीत एक मोठी अडचण होती. तळ्याकाठी शस्त्रं सापडत नव्हती. चामड्याची पादत्राणं सापडली, बांबूच्या काठ्या सापडल्या, अंगठ्या सापडल्या, पण तलवारी, भाले नाहीत. आणि हाडांत बायकांची हाडंही होती. शिवाय तिबेटला जायचा व्यापारी रस्ता इथून जातच नाही. मग एवढी माणसं या खळग्यापाशी आली कशाला?

१९५० च्या दशकात लखनौ विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार इथे पोचले. कैलास-मानसरोवरच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे स्वामी प्रणवानंदही याच दशकात इथे आले. आणि तिथून चर्चा सैन्याकडून वळली ती देवीकडे.

नंदा माहेराहून निघते

कारण इथून व्यापाराचा रस्ता जात नसला, तरी एक रस्ता जातो: नंदादेवी राजजात यात्रेचा.

गढवालमध्ये नंदा ही लेक आहे. तिचं माहेर खाली, गावांत. सासर वर, शंकराच्या कैलासावर. साधारण बारा वर्षांनी, भाद्रपदाच्या सुमारास, गावकरी तिला सासरी पोचवायला निघतात. नौटी गावापासून सुरू होणारी ही वाट सुमारे २८० किलोमीटरची, जवळपास तीन आठवड्यांची. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा, त्याच्या पाठीवर लेकीची पाठवणी. गावागावात बायका डोलीपुढे रडतात. शेवटी होमकुंडापाशी त्या मेंढ्याला डोंगराकडे सोडून देतात. याआधीची मोठी यात्रा २०१४ साली झाली.

आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. भाद्रपदातच आपल्या घरी गौरी माहेरपणाला येतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप देताना आजीचा आवाज बदलतो. फक्त आपण गौरींना विहिरीपर्यंत पोचवतो, ते लोक पाच हजार मीटर चढतात.

तर या वाटेवर एक गोष्ट सांगितली जाते. कनौजचा राजा जसधवल यात्रेला निघाला, सोबत गरोदर राणी, लवाजमा, आणि करमणुकीला नाचणाऱ्या बायका. पवित्र वाटेवर नाचगाणं झालं. आजही त्या जागेचं नाव पातर नचौणी असं आहे. पुढे वाटेतच राणी बाळंत झाली. देवी कोपली. तिनं आभाळातून लोखंडासारख्या टणक गारा पाडल्या आणि सगळा लवाजमा रूपकुंडापाशी संपला.

आमच्या वाटाड्यानं ही गोष्ट आम्हाला भगवाबासाच्या मुक्कामी, चुलीपाशी बसून सांगितली होती. तो वाण गावचा होता, पन्नाशीचा. आम्ही आठ जण मस्त ऐकत होतो, कुणीतरी रेकॉर्डही करत होतं. ‘भारी कंटेंट आहे,’ असं आमच्यातलाच एक जण म्हणाला. हो, मीच म्हणाले असेन.

पुण्यातल्या प्रयोगशाळेत गारा सापडतात

आता २००३-०४ च्या सुमाराला येऊ. नॅशनल जिओग्राफिकच्या एका माहितीपटाच्या निमित्तानं भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांचं एक पथक रूपकुंडला गेलं. त्या कामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे होते. मानवी हाडं वाचणं हा त्यांचा विषय. हाडं वाचणं म्हणजे वय, लिंग, आजार, मार, उपासमार या सगळ्याच्या खुणा हाडांत शोधणं.

त्यांना काही कवट्यांवर विचित्र मोडतोड दिसली. वरून आलेला घाव, गोलसर वस्तूनं हाड आत दाबलेलं, आणि भरून आल्याची काहीच खूण नाही. तलवारीचा वार लांब चीर पाडतो. दरड कोसळली तर अंगावर कुठेही मार बसतो. इथे मार डोक्यावर, थेट वरून. आणि हाड भरून आलेलं नाही, म्हणजे मार बसल्यावर माणूस फार जगला नाही.

वरून पडणारी, गोल, जड वस्तू. क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा.

यावर लोक हसतात, गारांनी कुठे माणसं मरतात का म्हणून. मरतात. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादला गारपिटीत २४६ माणसं मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीनं घेतलेल्या बळींचा तो विक्रम आहे. आणि मुरादाबाद मैदानात आहे, तिथे घरं आहेत, झाडं आहेत. रूपकुंडला झाडाची एक काडी नाही. झाडांची हद्द खूप खाली संपते. त्या वाडग्यात गारपिटीनं गाठलं, तर डोकं लपवायला फक्त स्वतःचे हात.

म्हणजे लोकगीतातल्या लोखंडी गारा खऱ्या निघाल्या! ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत कार्बन पद्धतीनं हाडांचं वय काढलं, ते साधारण इसवी सन ८५० आलं. सगळं जुळलं. नवव्या शतकात यात्रेकरूंचा एक मोठा जथा, एक भयंकर गारपीट, एक संध्याकाळ, संपलं.

‘आपले लोक’

आणि याच वेळी आपल्या घरातली गोष्ट सुरू झाली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत काही हाडांचा डीएनए तपासला गेला. काही नमुन्यांतले बदल महाराष्ट्रातल्या कोकणस्थ ब्राह्मणांमध्ये सापडणाऱ्या बदलांशी जुळतात, अशी बातमी आली.

झालं. मी शाळेत होते तेव्हा. कोकणस्थ घर, आणि काका लोकांना नवा विषय मिळाला. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं तेव्हा तर दर पावसाळ्यात हा फॉरवर्ड परत यायचा: ‘अभिमानाने शेअर करा, अकराशे वर्षांपूर्वी हिमालय चढणारे आपले पूर्वज.’ मीही कॉलेजात ही गोष्ट रंगवून सांगितली आहे. ट्रेकला जाताना रेल्वेत सांगितली. ‘आपले लोक आहेत रे ते,’ असं म्हणाले होते.

इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण या चुका आपण आजही करतो. त्या वेळी तपासला होता तो मायटोकाँड्रियल डीएनए. तो फक्त आईकडून येतो. आई, तिची आई, तिची आई, अशी एकच रेघ. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे हजारावर पूर्वज असतात, आणि ही रेघ त्यातल्या एकीपाशी जाते. वाड्यातल्या एका खिडकीतून बघून अख्ख्या वाड्यात कोण राहतं ते सांगण्यासारखं आहे हे. एखादी खूण जुळली म्हणजे एखादी जात सापडली, असं होत नाही. पण फॉरवर्डमध्ये एवढं कोण लिहितं?

२०१९: गोष्ट फुटते

२० ऑगस्ट २०१९. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. पहिली लेखिका हार्वर्डची एडीन हार्नी, सोबत नीरज राय, के. थंगराज, डेव्हिड राइक आणि इतर अनेक. लेखकांत डेक्कन कॉलेजचीही नावं आहेत, डॉ. वाळिंबे आणि डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी.

या वेळी एक रेघ नव्हती, जनुकांचा पूर्ण पट होता. ३८ माणसांचा. त्यात २३ पुरुष, १५ बायका. आणि त्या ३८ माणसांचे सरळ तीन गट पडले.

पहिला गट २३ जणांचा. हे लोक दक्षिण आशियातले, म्हणजे आपल्याच उपखंडातले. पण एका गावचे नाहीत, एका जातीचे नाहीत. आज उपखंडात जशी विविधता दिसते, तशी त्यांच्यात होती. त्यांचा काळ सातवं ते दहावं शतक.

दुसरा गट १४ जणांचा. त्यांची जनुकं आजच्या कुणाशी जुळत होती सांगू? ग्रीस आणि क्रीट बेटाच्या लोकांशी. होय, भूमध्य समुद्र. आणि त्यांचा काळ सतरावं ते विसावं शतक, बहुधा १८०० च्या आसपास.

तिसऱ्या गटात एकच माणूस. आग्नेय आशियाशी नातं सांगणारा. तोही याच अलीकडच्या काळातला.

म्हणजे बघा. जिथे एक संध्याकाळ होती असं आपण समजत होतो, तिथे हजार वर्षांचं अंतर निघालं. आणि पहिल्या गटातसुद्धा सगळ्यांच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत. काहींची तारीख सातव्या-आठव्या शतकातली, काहींची नवव्या-दहाव्या. म्हणजे तीही माणसं बहुधा एकाच वेळी गेलेली नाहीत.

आता तुम्ही विचाराल, तारखा इतक्या ढोबळ का? सजीव जिवंत असताना कार्बन घेत राहतो. मेल्यावर घेणं थांबतं, आणि आतला किरणोत्सारी कार्बन ठरावीक वेगानं कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. उरलेला मोजून वय काढतात. पण हवेतलं त्याचं प्रमाण दर शतकात सारखं नव्हतं. साधारण १६५० नंतरच्या काळात ते असं वरखाली झालंय, की १७०० चं हाड आणि १८५० चं हाड जवळपास सारखंच दिसतं. म्हणून शास्त्रज्ञ एक साल देत नाहीत, पट्टा देतात. बातमीत पट्ट्याचं साल होतं, आणि फॉरवर्डमध्ये सालाचं तिथी-वार होतात.

आणखी दोन गोष्टी. एक, ३८ जणांमध्ये जवळच्या नात्यातलं कुणीच सापडलं नाही. बाप-लेक नाही, बहीण-भाऊ नाहीत, चुलत भावंडंही नाहीत. म्हणजे कुटुंबंच्या कुटुंबं निघाली होती असं या नमुन्यांवरून तरी दिसत नाही. दोन, साथीच्या रोगाचे जंतू शोधले, ते मिळाले नाहीत.

हाडांवरून त्यांचं खाणंही तपासलं. ज्वारी-बाजरीसारखी धान्यं आणि गहू-तांदळासारखी धान्यं हाडात वेगवेगळी खूण सोडतात. पहिल्या गटात दोन्ही तऱ्हेच्या खुणा, माणसागणिक वेगळ्या. कुणी नाचणी-बाजरीवर वाढलेला, कुणी भातावर. दुसऱ्या गटात मात्र भरड धान्य जवळपास नाहीच. आणि बेटांवरच्या लोकांशी नातं सांगत असूनही त्यांच्या आहारात मासळी फारशी दिसत नाही.

मग हे भूमध्य समुद्राकडचे लोक इथे कसे? सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांचे वंशज असतील, हा पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो. पण इथे राहून दोन हजार वर्षं झाली असती, तर जनुकांत स्थानिक मिसळण झालीच असती. ती नाही. म्हणजे ते किंवा त्यांच्या अगदी जवळच्या पिढ्या तिकडूनच आलेल्या. तेव्हा तो प्रदेश उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली होता. पुरुष होते, बायकाही होत्या. हिमालयातल्या एका देवीच्या वाटेवर ते काय करत होते, हे सांगणारी एकही ओळ कुठल्या दप्तरात सापडलेली नाही.

गारा खोट्या ठरल्या का?

नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवा शोध आला की जुनं सगळं रद्दीत टाकायची आपल्याला घाई असते. वाळिंबे यांनी ज्या कवट्यांवर तसले घाव पाहिले त्यांच्यासाठी गारपीट हे आजही सगळ्यात पटणारं उत्तर आहे. फक्त अशी माणसं तीन आहेत. तीन कवट्यांचं उत्तर आपण काही शे माणसांना लावलं होतं.

यात्रेचंही तसंच. आसपासच्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख आहेत, त्यामुळे यात्रा तेवढी जुनी असू शकते. पहिल्या गटातले काही जण यात्रेकरू असणं शक्य आहे, कदाचित बरेचसे. पण यात्रेची नीट वर्णनं मिळतात ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. आणि गाण्यातली गोष्ट घटनेतून आली, की दर बारा वर्षांनी हाडं ओलांडून जाणाऱ्या लोकांनी ‘ही कुणाची?’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणून आली, हे आज कोण सांगणार? मला दुसरी शक्यता जास्त पटते. हाडं दिसत असताना गप्प राहून पुढे जाता येत नाही. त्यांना नाव द्यावं लागतं, राजा, राणी, दासी काहीतरी. कुणी जपानी म्हटलं, इतिहासवाल्यांनी डोग्रा म्हटलं, आमच्या काकांनी कोकणस्थ म्हटलं. गावकऱ्यांनी निदान गोष्टीत स्वतःचे पूर्वज घातले नाहीत. त्यांची गोष्ट म्हणते की ही परक्या मुलखातली माणसं होती, आणि इथे कसं वागायचं ते त्यांना कळलं नाही.

किसी का है

आता फोटोकडे येते.

मी कवटी दगडावर ठेवत होते तेव्हा वाटाड्या दहा पावलांवर उभा होता. कॅमेऱ्याच्या बाजूला नव्हता, पाठ करून उभा होता. फोटो झाल्यावर आला आणि एवढंच म्हणाला, “दीदी, जहाँ थी वहीं रख दो. किसी का है.” मी ठेवली. जिथे होती तिथेच ठेवली का, हे मात्र आठवत नाही. कारण उचलताना मी जागा बघितलीच नव्हती.

तेव्हा मला ते फार लागलं नाही. लागलं ते २०१९ साली, तो निबंध वाचताना. या अभ्यासाची एक मोठी अडचण अशी की हाडं मुळच्या जागी नाहीत. काही दरडींनी सरकली, आणि बाकीची माणसांनी. कोणतं हाड कुठे, कोणत्या थरात, कोणाशेजारी होतं, हे कळलं असतं तर कोण कोणाबरोबर आलं होतं हे सांगता आलं असतं. ती माहिती गेली. ट्रेकर्सनी हाडं रचून ढीग केले, फोटोसाठी कवट्या ओळीत मांडल्या, आणि कित्येकांनी सॅकमध्ये घालून घरी नेल्या.

आमच्यातल्याही एकानं नेलं होतं. बोटाचं एक पेर असेल, छोटंसं. ‘सुवेनिअर’ म्हणून. हा भाग करायचा ठरवल्यावर मी त्याला फोन केला, म्हटलं ते आहे का अजून, आपण कुठल्या तरी संस्थेला विचारू या, परत देता येईल का बघू. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “अगं, घर बदलताना आईला सापडलं ते. तिनं विचारलं काय आहे, मी सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. अनंत चतुर्दशीला आमच्या गणपतीबरोबर घेऊन गेली आणि इंद्रायणीत सोडलं. नमस्कार करून.”

मी फोन ठेवला आणि मला कळेना की रागवायचं कुणावर. अभ्यासाच्या दृष्टीनं ते हाड कायमचं गेलं. ते बाजरी खाणाऱ्या कुणाचं होतं, की क्रीटकडच्या कुठल्या बाईचं, हे आता कधीच कळणार नाही. आणि तरीही आमच्या आठ जणांच्या ग्रुपमध्ये, त्या ट्रेकमध्ये कधी गेलेलीही नाही अशी ती एकटीच बाई, जिनं त्या माणसाशी माणसासारखं वागून घेतलं. आम्ही रेल्वेत ‘आपले लोक, आपले लोक’ म्हणत होतो. काकूंना कुणाचं आहे ते माहीत नव्हतं, विचारायचीही गरज वाटली नाही.

२०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करायला बंदी घातली. कारण कुरणांची नासाडी हे होतं, हाडं नव्हे. पण वाटेतले मुक्काम बेदनी आणि आली या बुग्यालांवरच असल्यामुळे रूपकुंडचा नेहमीचा ट्रेकही थांबला. ट्रेकवाले मित्र आजही हळहळतात. मीही हळहळायचे.

फोटो डिलीट केला का? नाही केला. दोनदा बोट ठेवलं होतं. पण त्या कवटीची ती जागा, तो दगड, तो प्रकाश, एवढी तरी नोंद त्यात आहे. तारीख आहे, लोकेशन आहे. कुणा अभ्यासकाला उपयोग झाला तर देईन, माझा चेहरा कापून. डीपीला मात्र तो परत लागणार नाही, आणि म्हणूनच या भागाच्या कव्हरलाही नाही.

तुमच्यापैकी कुणी रूपकुंडला गेला असाल आणि कपाटात, सॅकच्या कप्प्यात असं काही असेल, तर मला मेसेज करा. नाव सांगू नका हवं तर. ओरडणार नाही, मला तो अधिकारच नाही. काय करता येईल ते मिळून शोधू.

आणि घरच्या ग्रुपवर यंदाच्या पावसाळ्यात तो ‘आपले पूर्वज’ फॉरवर्ड परत आला, तर काकांना हा भाग पाठवा. माझ्या काकांना मी पाठवलाय. ब्लू टिक आली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात.